केळशीच्या पुळणीवरची बचावफळी

पंचांग उघडा आणि तिथी बघा. तिथीच्या आकड्याचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. होडी असलेल्या घरात हा हिशेब आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतो. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला पाणी पार मागे गेलेलं. शिवाय उधाणाचे दिवस, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्तच मागे जातं. अमावास्येलाही तेच. अष्टमीला उलट, सहाला भरती. शाळा सुटून मुली येईपर्यंत पुळण अरुंद झालेली. म्हणजे साधारण द्वादशीपासून द्वितीयेपर्यंतच्या संध्याकाळी केळशीला ओल्या, घट्ट, सपाट वाळूचं मैदान मिळतं. बाकीच्या दिवशी शाळेचं पटांगण, आणि भात कापून झाला की मोकळे मळे. पावसाळ्याचे चार महिने समुद्राकडे जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

हा हिशेब आधी मांडला, कारण मुलीला फुटबॉल खेळायचाय म्हटलं की घरातून पहिलं उत्तर येतं ते 'आपल्याकडे मैदान कुठाय?' मैदान आहे. ते रोज थोडं वेगळ्या वेळी उघडतं, एवढंच. फक्त नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात. घरट्यांसाठी राखलेल्या वरच्या कोरड्या वाळूत पाय टाकू नका, खाली ओल्यात खेळा.

केळशी, आडे, पाडले, अंजर्ले, उटंबर या पट्ट्यात नऊ ते चौदा वर्षांची एखादी मुलगी भावाबरोबर चेंडू मारायला जाते आणि एक दिवस घरी येऊन 'मला भारताकडून खेळायचंय' म्हणते. अशा मुलीच्या आईबाबांसाठी, तिच्या शाळेतल्या सरांसाठी आणि बाईंसाठी मी हे लिहिते आहे. आणि लिहिते आहे ते बचावपटू होण्याबद्दल. गोल करणारीचं नाव पेपरात येतं, म्हणून सगळ्यांना पुढे खेळायचं असतं. पण आपल्या मुलींना बचावाचं अर्धं शिक्षण आधीच मिळालेलं आहे, असं माझं ठाम मत आहे. ते कबड्डीने आणि खो-खोने दिलंय.

कोपऱ्यात उभी असलेली कबड्डीपटू आठवा. कंबर खाली, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. चढाई करणारी हात हलवते, खांदा टाकते, मान वळवते, आणि कोपऱ्यातली मुलगी या कशालाच बधत नाही. तिची नजर समोरचीच्या कंबरेवर असते, कारण हात खोटं बोलतात, पाय खोटं बोलतात, कंबर मात्र जिथे जायचंय तिथेच वळते. घाईने झेप घेतली की गुण गेला. वाट बघितली, चढाई करणारीला लॉबीकडे ढकललं, तिचा पाय जमिनीला टेकतो तो क्षण पकडला, तर पकड बसते. फुटबॉलमधल्या सेंटर बॅकचं, म्हणजे मधल्या बचावपटूचं, कामही हेच. चेंडू घेऊन येणारीच्या अंगावर धावून जायचं नाही. हातभर अंतर ठेवायचं, अंग थोडं तिरकं, एक पाय मागे. तिला मधून जायचं असतं, तुम्ही तिला बाजूच्या रेषेकडे वळवायचं. तिथे रेषाच तुमची साथीदार होते. चेंडू तिच्या पायापासून हातभर सुटला की मग टॅकल. जमिनीवर घसरून केलेलं टॅकल दिसायला भारी, पण ते शेवटचं हत्यार आहे. आडवी पडलेली बचावपटू पुढचे दोन-तीन सेकंद संघात नसते.

साखळी पकड तर फुटबॉलमध्ये थेट उतरते. मधली पुढे सरकली की शेजारची तिच्यामागची जागा भरते, कोपऱ्यातली आत येते. चौघींच्या बचावफळीत एक जण चेंडूकडे गेली की उरलेल्या तिघींनी असंच सरकायचं असतं. खो-खोतून दुसरं काही मिळतं: पळताना मान वळवून मागचं बघणं, एका पावलात दिशा बदलणं, खांबाजवळ समोरचीला चकवणं. फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, हे रोज लागतं.

एक सवय मात्र मोडावी लागते, आणि ती लवकर मोडावी. कबड्डीच्या मुलींचे हात आपोआप पुढे जातात. फुटबॉलमध्ये पेनल्टी क्षेत्रात हात किंवा जर्सी ओढली की सरळ पेनल्टी. यावर पुळणीवरचाच उपाय आहे. सरावाच्या वेळी दोन्ही मुठींत एकेक शिंपला धरायला लावा. पकडायला मूठ उघडली की शिंपला पडतो, आणि पडला हे सगळ्यांना दिसतं. मोठ्या अकादमीत हीच युक्ती टेनिसच्या चेंडूंनी करतात.

वाळूत पायाला ताकद येते, पोटऱ्या भरतात, पडलं तर लागत नाही. पण वाळूवर चेंडू उसळत नाही, आणि बचावपटूला सगळ्यात जास्त फसवतो तो उसळलेला चेंडू. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी कडक जमिनीवर खेळायलाच हवं. भिंतीचाही उपयोग करा. शाळेची गिलावा केलेली भिंत अचूकपणासाठी: उजव्या पायाने शंभर, डाव्याने शंभर, रोज. जांभ्याच्या गडग्यावर मारलेला चेंडू कुठेही उडतो, तो झटपट पाय लावायला शिकण्यासाठी. डावा पाय टाळू नका. आजच्या बचावपटूने चेंडू नुसता लांब भिरकावून चालत नाही. हल्ला तिच्याच पायापासून सुरू होतो, आणि समोरच्या संघाला तिचा कमजोर पाय दहा मिनिटांत कळतो. हेडरची, म्हणजे डोक्याने चेंडू मारायची, घाई नको. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला मनाई आहे, इंग्लंडनेही लहान मुलांच्या सामन्यांतून ते काढत आणलंय. बारा वर्षांपर्यंत चेंडूखाली वेळेवर पोचणं आणि उडी यांवरच भागवा.

आता आवाज. बचावफळीला मागून सगळं मैदान दिसतं. पुढच्यांच्या पाठीमागे काय चाललंय ते सांगणं हे तिचं काम, टॅकलइतकंच महत्त्वाचं. 'माणूस मागे', 'सोड', 'चढ', 'कीपर'. एकदोन शब्दांच्या वर काही नाही, पण ते पन्नास मीटरवर ऐकू गेले पाहिजेत. आणि इथे आपण मुलींचं नुकसान करून ठेवलेलं असतं. दहाव्या वर्षापासून 'हळू बोल, ओरडू नको, बाय, लोक काय म्हणतील' ऐकलेली मुलगी मैदानावर गप्प उभी राहते. चुकलेल्या मोठ्या ताईला 'मागे ये' म्हणायला तिची जीभ रेटत नाही. फुटबॉलचं काही कळत नसलं तरी आईबाबांना इथे मोठी मदत करता येते: घरात तिचा आवाज चढला तर दाबू नका. पुळणीवर वारा समोरून असताना तिला शंभर पावलांवरून हाक मारायला लावा. वाऱ्याच्या वर आवाज गेला की सामन्यातही जातो.

फ्रान्सची बचावपटू वेंडी रेनार हिची गोष्ट केळशीकरांना जवळची वाटेल. कॅरिबियन समुद्रातल्या फ्रान्सच्या मार्टिनिक बेटावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी समुद्राला लागून ल प्रेशेर नावाचं गाव आहे. चार बहिणींतली धाकटी वेंडी तिथे वाढली. आठ वर्षांची असताना वडील गेले. गावातल्या मुलग्यांबरोबर खेळत ती शिकली. फ्रान्सच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीत तिला नाकारलं, तेव्हा ती समुद्रापलीकडे लियाँ क्लबच्या चाचणीला गेली आणि २००६ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिथली झाली. त्याच क्लबकडून तिने आठ वेळा युरोपचा चॅम्पियन्स लीग करंडक जिंकला, फ्रान्सची कर्णधार झाली. उंची १ मीटर ८७ सेंटिमीटर. आपल्याकडे इतकी उंची मिळणार नाही, आणि त्यासाठी हळहळायचं कारण नाही. उंची कमी असेल तर फुलबॅक व्हा, किंवा चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या आधी ओळखायला शिका. पण ती चाचणीतली नकारघंटा लक्षात ठेवा. तुमच्या मुलीच्या वाट्याला ती येणारच आहे. रत्नागिरीत, कोल्हापुरात, पुण्यात, कुठेतरी. त्या रात्री घरात काय बोललं जातं यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्या देशातली वाट बघायची तर मणिपूरची लोइतोंगबम आशालता देवी. १९९३ सालचा जन्म, जागा सेंटर बॅक. २०१५ मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळायला गेली, सेतू, गोकुलम केरळ, ईस्ट बंगाल या संघांतून भारतीय महिला लीग खेळली, २०१८-१९ ची देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. गोल करणारीला डावलून बचावपटूला हा मान मिळाला, हे मुलींना जरूर सांगा. २० जानेवारी २०२२ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषकात इराणशी भारताचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तेव्हा ती कर्णधार होती. पुढच्या सामन्यापर्यंत संघात कोविड पसरला, नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा जणी उभ्या करता आल्या नाहीत आणि भारताची स्पर्धा तिथेच संपली. स्वतःच्या देशात भरलेला आशियाई चषक एका सामन्यात आटोपला. मग ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये चियांग माईला यजमानांना २-१ हरवून भारत पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशियाई चषकात पोचला. त्या संघाची कर्णधार स्वीटी देवी, पुन्हा मणिपूरची आणि पुन्हा बचावपटूच.

जवळचं बघायचं तर गोव्याची मिशेल कास्तान्हा बचावपटू म्हणून भारतीय संघात खेळली. आणि कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळ गावची अंजू तुरंबेकर. महाराष्ट्राकडून खेळून ती प्रशिक्षणाकडे वळली, आशियाई फुटबॉल महासंघाचा 'ए' परवाना मिळवला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात तळागाळातल्या फुटबॉलची जबाबदारी सांभाळली. तेही खेड्यातूनच.

शरीराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मुली खेळ सोडतात त्यातल्या कितीतरी जणी गुडघ्यामुळे सोडतात. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांच्या दुप्पट-तिप्पट आहे. धक्का लागून तुटतो त्यापेक्षा उडीवरून खाली येताना किंवा झटक्यात वळताना गुडघा आत कलतो, तेव्हा जास्त तुटतो. शस्त्रक्रिया, मग नऊ महिने ते वर्षभर बाहेर, खर्च वेगळा. हे पुष्कळसं टाळता येतं. 'फिफा ११ प्लस' नावाचा पंधरा व्यायामांचा, वीस मिनिटांचा संच आहे. हलकं धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग पुन्हा वेगात धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या सव्वाशे क्लबांमध्ये तो वापरून बघितला, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले: गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी. साधनं काही लागत नाहीत, व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. उडीवरून उतरताना दोन्ही गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत, एवढं एक वाक्य सरांनी रोज म्हणत राहावं. कुणी 'वॉर्मअप कशाला, चला खेळूया' म्हटलं तर ऐकू नका.

दुसरं, रक्त. मुलगी लवकर दमते, पायऱ्या चढताना धापा टाकते, चेहरा फिका दिसतो, तर तिला आळशी म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती टाकून देत नाही ना, विचारा. जेवणाचं म्हणाल तर किनाऱ्यावर कसलीही पावडर विकत आणायची गरज नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, तिसऱ्या, बांगडा, सुकट, अंडी, घरचं आमसूल. फक्त जेवणाला लागून चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. बऱ्याच मुली खेळू शकतात. पण पाळी तीन महिने आलीच नाही, तर खेळामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. अनेकदा ती खाण्यापेक्षा जास्त पळत असते.

आता वर चढायचा रस्ता. गावात क्लब नाही, तर दार शाळेचंच. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. सतरा वर्षांखालच्या मुलींसाठी सुब्रतो करंडकही आहे. नावनोंदणी शाळेतर्फे, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे. शाळा उघडली की पहिल्याच पंधरवड्यात सरांना भेटा, कारण तारखा पावसातच येऊन जातात. 'मुलींचा संघ होत नाही' असं उत्तर मिळेल. त्यावर शाळेच्या कबड्डीच्या आणि खो-खोच्या मुलींची यादी पुढे ठेवा. संघ त्या यादीतच आहे.

शालेय स्पर्धांच्या रचनेत आपला रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. म्हणजे जिल्हा जिंकला की गाठ पडणार कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलींशी. कोल्हापुरात फुटबॉल घराघरांत आहे, तिथल्या एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ भारतीय महिला लीगमध्येही खेळला. पहिल्या वर्षी आपल्या मुली तिथे मोठ्या फरकाने हरतील. मुलींना हे आधीच सांगून ठेवा, आणि बचावपटूला एक काम द्या: विरुद्ध संघातल्या सेंटर बॅककडे बघत राहायचं. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना ती कुठे उभी राहते, कुणाशी बोलते, ते वहीत लिहून आणायचं. माझ्या मते हे एका शिबिराच्या तोडीचं शिक्षण आहे.

शाळेच्या पलीकडे महाराष्ट्राची संघटना आहे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, सगळे 'विफा' म्हणतात. राज्याचे सब-ज्युनियर, ज्युनियर आणि सीनियर मुलींचे संघ तिथून निवडले जातात, आणि राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळलेल्या मुलींवर भारतीय शिबिरांच्या निवडकर्त्यांची नजर असते. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत मुलगी जिल्ह्यात उठून दिसू लागली की गाव सोडायचा प्रश्न येतो. कोल्हापूर, पुणे, मुंबई. नातेवाईक कुठे आहेत, शाळा कुठली, वसतिगृह कसं, हे बघून घराने ठरवायचं. पण तेरा वर्षांच्या आत पाठवू नये असं मला वाटतं. त्या वयात पुळण, भिंत आणि आईच्या हातचं जेवण पुरतं.

कागदपत्रांची एक फाइल आत्ताच करा. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि त्यावरचं नाव व तारीख आधार कार्डाशी आणि शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते तपासा. वय चोरणाऱ्यांमुळे तपासणी कडक झाली आहे, एका अक्षराच्या फरकावरूनही खोळंबा होतो. वय कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला पुन्हा घरी बोलावू नका. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे महिला फुटबॉलपटूंना नोकरीत घेते. पासपोर्टही काढून ठेवा, बोलावणं आल्यावर धावपळ होते.

पैशाचं खरं सांगते. भारतीय महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं की लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. एवढ्यावर आयुष्य उभं राहत नाही, आणि खेळायची वर्षं पंधराच्या वर सहसा जात नाहीत. म्हणून शिक्षण सुटता कामा नये. प्रशिक्षक, पंच, फिजिओथेरपिस्ट, शारीरिक शिक्षणाच्या बाई, या वाटा बारावीनंतर खुल्या राहिल्या पाहिजेत.

आणि मुलगी बाहेरगावी जाणार असेल तर काही गोष्टी विचारायला लाजू नका. बरोबर महिला व्यवस्थापक आहे का? मुक्काम कुठे, खोलीत किती जणी? रात्री फोन तिच्याजवळ राहील का? २०२२ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या तक्रारीवरून युरोप दौऱ्यातून परत पाठवावं लागलं होतं. राष्ट्रीय संघात हे होऊ शकतं तर जिल्ह्याच्या शिबिरातही होऊ शकतं. 'तुमचा विश्वास नाही का?' असं विचारणाऱ्याला 'नियम आहे' एवढंच उत्तर द्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलीला पाठ असू द्या. आणि मुख्य म्हणजे काही घडलं तर खेळ बंद होईल या भीतीने ती गप्प बसणार नाही, असं घर ठेवा. 'तू सांगितलंस तर तुझा फुटबॉल थांबणार नाही' हे वाक्य ती निघायच्या आधी तिला म्हणून दाखवा.

सुरुवातीला लागेल ते एवढंच: बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू, पुढे पाच नंबरचा. शिनगार्ड पहिल्या दिवसापासून, वाळूवरही. बूट घाईने घेऊ नका. वाळूत अनवाणी, जांभ्याच्या पटांगणावर साधे कॅनव्हासचे चालतात. रबरी स्टडचे बूट तालुक्याची स्पर्धा ठरली की घ्यावेत, आणि वाढत्या पायाला एक नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबायचा ही आपली जुनी पद्धत इथे वापरू नये, घोटा मुरगळतो. मुली चारच जमल्या तरी दोन विरुद्ध दोन खेळा. मुलगे असतील तर त्यांच्यात मिसळून खेळा, बारा वर्षांपर्यंत त्याने फायदाच होतो. चारी कोपऱ्यांना चपला, गोलाला नारळाच्या दोन झावळ्या.

येत्या अमावास्येला संध्याकाळी पाचला खाली या. पाणी अजून मागे जात असेल. अर्धा तास व्यायाम, मग मुठीत शिंपले.